इनास अंकलनी घातलेला घाट

बहरीन हा देश देवाने इस्त्री करून ठेवलेला आहे. हे वाक्य इनास अंकलचं, आणि इस्त्रीच्या विषयात त्यांना आव्हान देण्याची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. मनामा शहरात, हूरा भागातल्या ज्या हॉटेलात मी स्टोअर सांभाळायचो, तिथल्या तळघरात लॉण्ड्री होती आणि अंकल त्या लॉण्ड्रीचे सुपरवायझर होते. वाफेच्या ढगातून बाहेर येऊन कपाळ पुसत ते म्हणायचे, "या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत एक सुरकुती दाखव मला. चादर आहे ही, चादर! अशा देशात सायकलवाल्याने करायचं काय?"

तक्रार रास्त होती. ज्या माणसाला आयुष्यात एकदा तरी सायकलवरून डोंगर चढायचा आहे, त्याला नशिबाने आधी वसई दिली आणि मग बहरीन. वसई भाताच्या खाचरासारखी सपाट आणि बहरीन चादरीसारखं. तरुणपणी ते सायकलला केळीचे घड बांधून स्टेशनपर्यंत न्यायचे. त्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे ओढ्यावरची मोरी. "मोरीवर चढताना मी डोळे मिटून घ्यायचो," ते सांगायचे, "म्हणजे ती जरा लांब वाटायची."

कागदोपत्री त्यांचं नाव इग्नेशियस. वसईने त्याचं इनास केलं आणि आमच्यासारख्या तेव्हाच्या पोरांनी त्याला अंकल जोडलं. आमच्या हॉटेलची व्हॅन चालवणारा बाळू परब मालवणकडचा. नुसतं अंकल म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटे, म्हणून तो आदरार्थी 'अंकलानू' म्हणायचा.

मी सांगतोय ती सत्तरच्या दशकाची अखेर आणि त्यापुढची चार-पाच वर्षं. अंकल तेव्हा साठीला टेकले होते. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी मला चादरींच्या प्रेसमध्ये घालून काढलं असतं, कारण 'टेकणे' या क्रियापदाशीच त्यांचं वैर होतं. ते खुर्चीला पाठ टेकत नसत. कुणी भिंतीला टेकून उभा दिसला की जाता जाता विचारत, "काय रे, भिंत पडते आहे का? तू धरून ठेवलीस म्हणून विचारलं." आणि सायकलवर बसले की घरापासून कामापर्यंत पाय जमिनीला टेकायचा नाही, हा तर त्यांचा धर्मच होता. झिंजमधल्या त्यांच्या फ्लॅटपासून हॉटेलपर्यंत जेवढे म्हणून सिग्नल होते, त्यातला एखादा लाल दिसला की ते सिग्नलच्या अलीकडे कडेच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरत राहायचे, हिरवा होईपर्यंत. पांढरा कडक शर्ट, पँटच्या पायांना चाप, पोटऱ्या उकडलेल्या रताळ्यांसारख्या, आणि चेहऱ्यावर चर्चमध्ये मिस्साला चालल्यासारखा गंभीर भाव. गाडीवाले बहरीनी सुरुवातीला हॉर्न वाजवत. पुढे पुढे काचा खाली करून सलाम करू लागले.

त्यांची दुसरी सवय घडी घालण्याची. हातात आलेली वस्तू घडी न घालता खाली ठेवणं त्यांना जमतच नसे. वर्तमानपत्र, प्लॅस्टिकची पिशवी, पावाचा स्लाइस, सगळ्याची घडी. एकदा मॅनेजरशी भांडून परबने तिरीमिरीत राजीनामा लिहिला आणि वाचायला अंकलकडे दिला. अंकलनी वाचला आणि बोलता बोलता त्याची अशी सुरेख, काठाला काठ लावून घडी घातली, की परब म्हणाला, "आता ह्यो मोडूचो कसो?" राजीनामा त्याच्या खिशात राहिला आणि परब नोकरीत.

आता रंगमंचावर सिस्टर येतात. फिलोमिना सिस्टर, अंकलच्या पत्नी. मोठ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या नर्स. उंचीला अंकलच्या खांद्याएवढ्या, अधिकाराने त्यांच्या दोन मजले वर. सगळी मनामा त्यांना सिस्टर म्हणायची, आणि घरात भांडण सुरू झालं की अंकलही. स्वतःच्या बायकोला चारचौघांत "सिस्टर, तुम्ही माझं ऐकून घ्या," असं म्हणणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. एरवी दोघं आपसात वसईची घरगुती बोली बोलत. ती आम्हाला अर्धीमुर्धी कळायची. पण अंकल प्रमाण मराठीवर आले की समजायचं, हरत आहेत.

अंकलच्या डोंगराच्या वेडाला खतपाणी घातलं ते हॉटेलच्या फ्रेंच शेफने. जेरार त्याचं नाव. पिंपासारखा गोल आणि लहान मुलासारखा रडका. सॉस बिघडला की डोळ्यांत पाणी. तो आल्प्समधल्या कुठल्याशा खेड्यातला. एका दुपारी मागच्या दाराशी सिगरेट ओढत उभा असताना त्याने पाहिलं, की वाळू उडवणारा शमाल सुटला आहे, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि एक म्हातारा डोक्याला नॅपकिन बांधून वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणतो आहे. सायकल जवळजवळ जागच्या जागी उभी आहे.

"हे काय चाललंय?" जेरारने विचारलं.

"डोंगर चढतोय," अंकल ओरडले.

"डोंगर कुठे आहे?"

"शमाल म्हणजे आडवा पडलेला डोंगर!"

जेरारचे डोळे भरून आले. त्याचे भरायला फार काही लागत नसे, हे कबूल. पण त्या दिवसापासून तो अंकलचा झाला. सुट्टीवरून येताना त्याने आपल्या भावाची जुनी रेसिंग सायकल आणली. गिअरवाली, बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल असलेली. परब तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "इतकी चाकां मागे कित्याक? एक हरावला तर दुसरा म्हणान?" जेरारने सांगितलं, आमच्या गावावरून एक डोंगरी रस्ता वर जातो, पलीकडच्या खोऱ्यात उतरतो. अशा रस्त्याच्या माथ्याला आम्ही 'कोल' म्हणतो.

"म्हणजे घाट," अंकल म्हणाले.

"म्हणजे कोल्ह्याचा घाट," मी म्हणालो, आणि त्याचं खरं नाव कुणालाच उच्चारता येत नसल्यामुळे तेच रूढ झालं. पुढे हॉटेलात कुणीही कुणाला विचारायचं, "काय, कोल्हेघाट कधी?"

इतके दिवस मनात असलेला बेत आता ओठांवर आला. अंकलनी घाट घातला तो कोल्हेघाटाचा! आणि तयारी कशी? हॉटेलच्या तळघरात गाड्या उतरायला एक उतरण होती. दुपारच्या सुट्टीत अंकल तिच्यावरून सायकलने वर यायचे, गोल वळायचे, खाली जायचे, पुन्हा वर. दारावरचा बलुची वॉचमन आधी हसला, मग वैतागला, शेवटी रोज एक पेला लिंबूपाणी घेऊन वर उभा राहू लागला. एकदा जनरल मॅनेजर एका शेखसाहेबांना गाडीतून घेऊन खाली चालले होते आणि अंकल घामाघूम वर येत होते. मॅनेजरनी हॉर्न वाजवला. अंकलनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "घाटात चढणाऱ्याला आधी वाट, सर! रूल आहे!" अरबी पाहुण्याला भाषांतर करून सांगितल्यावर तो इतका हसला, की मॅनेजरना गाडी मागे घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी उतरणीवर पाटी लागली: सायकलींना मनाई.

मग त्यांनी जबल दुखान गाठला. बहरीनचा सगळ्यात उंच डोंगर. आमच्या साताऱ्याकडे त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही, पण नाव भारदस्त: धुराचा डोंगर. शुक्रवारी सकाळी अंकल निघायचे, वाळवंटातून, तेलाच्या पाइपांच्या कडेकडेने, आणि उन्हं तापायच्या आत परत यायचे. एका शुक्रवारी आले नाहीत.

दुपारी हॉटेलात फोन आला. परब आणि मी व्हॅन घेऊन हॉस्पिटलात पोचलो. घडलं होतं ते असं: उन्हाने रस्त्यातच अंकलची शुद्ध गेली. मागून एक म्हातारा बहरीनी पिकअपमधून कलिंगडं घेऊन येत होता. त्याने अंकलना कलिंगडांवर आडवं केलं, शेजारी सायकल ठेवली, आपला डोक्यावरचा रुमाल पाण्यात भिजवून त्यांच्या डोक्या-तोंडाला गुंडाळला आणि गाडी थेट कॅज्युअल्टीला आणली. ड्यूटीवर सिस्टर होत्या. त्यांनी नेहमीच्या सराईत हाताने ओला रुमाल सोडवला, आणि आत त्यांचा नवरा.

आम्ही पोचलो तेव्हा अंकल शुद्धीवर आले होते. पडद्याच्या आडून ऐकू येत होतं.

"नाव?" सिस्टरचा आवाज. कोरा, सरकारी.

"इग्नेशियस."

"वय?"

"तुझ्या बापाला सांगितलेलं की खरं?"

"पत्ता?"

"तुझाच."

"त्रास काय होतोय?"

"समोरच उभा आहे."

परबला हसू आवरेना. मी पडदा जरा बाजूला केला. सिस्टर आमच्याकडे पाठ करून सलाइनची नळी नीट करत होत्या. नळीला काहीही झालेलं नव्हतं. तरी त्या बराच वेळ ती नीट करत राहिल्या.

त्या दिवसापासून सायकल बंद. ती झिंजच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी राहिली आणि तिच्या शिंगांवर सिस्टर धुतलेले युनिफॉर्म वाळत घालू लागल्या. अंकल बसने कामावर यायला लागले. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण त्या दिवसांत ते लॉण्ड्रीच्या खुर्चीला पाठ टेकून बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. वर्तमानपत्र न दुमडता टेबलावर पसरलेलं. वाफेचा प्रेस उगाच सुस्कारे टाकतोय. परब मला म्हणाला, "हेंका कायतरी करूक व्हया. ह्यो माणूस अंगात इस्त्री नसल्यासारखो दिसता."

केलं ते जेरारने. एका शुक्रवारी पांढरा स्वच्छ कोट घालून, हातात झाकलेलं भांडं घेऊन तो सिस्टरच्या दारात उभा राहिला. पाठिंब्याला परब आणि मी. जेरारने भाषण केलं. आमच्या घाटात ऊन लागत नाही, वरून बर्फाचा वारा येतो. माझा थोरला भाऊ गावात डॉक्टर आहे. मी स्वतः मोटार घेऊन सोबत असेन. बोलता बोलता त्याने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. सिस्टरनी भांड्यावरचं झाकण काढून वास घेतला, परत लावलं, आणि दुसऱ्या दिवशी अंकलना आपल्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, "सिस्टर, हृदय ठणठणीत आहे. डोकं माझ्या विभागात येत नाही."

तेव्हा सिस्टरनी अट घातली. आम्हा सगळ्यांदेखत, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून.

"एकदा जा. तुझा तो डोंगर चढ. पण तुझ्याच नियमाने. खालपासून वरपर्यंत पाय टेकायचा नाही. नाही टेकलास, तर सायकल तुझी, मी पुन्हा शब्द काढणार नाही. टेकलास, तर त्या दिवसापासून सायकल संपली. इथे आणि वसईलाही. खलास."

अंकल प्रमाण मराठीत म्हणाले, "मला मान्य आहे, सिस्टर."

जाण्याच्या आदल्या दिवशी परब बाब अल बहरीनच्या बाजारातून एक नारळ घेऊन आला. शेंडीवाला, बघून, वाजवून आणलेला. "अंकलानू, घाट चढूच्या आधी नारळ देवक व्हयो. फ्रान्सचो असो नायतर फोंड्याचो, घाट तो घाट."

अंकलनी नारळ हातात घेतला. त्याची शेंडी सरळ केली. "बाळू," ते म्हणाले, "नारळ फोडणं आमच्यात नाही." परबचा चेहरा उतरला. "पण डोंगर चढणं तरी आमच्यात कुठे आहे?" म्हणाले आणि नारळ बॅगेत ठेवला, दोन बनियन्सच्या घडीत.

पॅरिसच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी तो नारळ बाहेर काढला. एकाने हलवून पाहिला, आत पाणी वाजलं, तसा त्याने दुसऱ्याला बोलावलं. तिसरा आला. जेरारने फ्रेंचमध्ये समजावलं, की हे डोंगरातल्या देवाला द्यायचं आहे. कुठला देव, असं त्यांनी विचारलं. जेरारने अंकलकडे पाहिलं. अंकल म्हणाले, "परबचा." हे उत्तर फ्रेंचमध्ये कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण नारळ सुटला. घाटाच्या पायथ्याशी अंकलनी तो दगडावर आपटला तेव्हा मात्र जेरार कळवळला. जिन्नस फोडायची ही काय पद्धत? त्याने तुकडे वेचून घेतले आणि रात्री त्यांची खीर केली.

हे सगळं आम्हाला कळलं ते अंकल परत आल्यानंतरच्या शुक्रवारी. झिंजच्या फ्लॅटमध्ये दुपारी जेवायला बोलावणं होतं. कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. जेरार, परब, मी. सिस्टर वाढत होत्या आणि एक अक्षर विचारत नव्हत्या. मधल्या खुर्चीवर अंकल, नाकाची साल निघालेली, पाठ ताठ. नाटकात तिसऱ्या घंटेनंतर होते तशी शांतता झाली आणि त्यांनी सुरुवात केली.

"पहिला तास मजा आली. पाइनची झाडं, सावली, पाण्याचा आवाज. मी म्हटलं, हे तर काहीच नाही. मग पहिलं वळण आलं. वळणानंतर रस्ता दिसतो, माझ्या डोक्याच्या वर. तो संपला की अजून एक, त्याच्याही वर. मी म्हटलं, इनास, हा रस्ता आहे की गच्चीवरून वाळत घातलेली साडी? तर समोरून आले काही म्हातारे सायकलवाले, उतारावरून. मला बघितलं आणि ओरडले, 'आले! आले!'"

"मराठीत?" परब ओरडला.

"अरे, मलाही तेच वाटलं! म्हटलं, इथे आपलं माणूस कुठून? आणि कोण आले? मी आलो म्हणून सांगतायत! मीपण ओरडलो, 'आलो! आलो!' पुढच्या वळणावर एक बाई, कडेवर पोर. तीही 'आले! आले!' मी म्हटलं, 'आलो, बाई, आलो!' गाव ओलांडेपर्यंत मी सगळ्यांना आलो आलो सांगत चाललोय आणि सगळे टाळ्या वाजवतायत."

जेरार हसून हसून टेबलावर पडला होता. "फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'चला, चला'," तो डोळे पुसत म्हणाला. "पुढे चला! इथले अरब 'यल्ला' म्हणतात ना, तसं!"

"तेच ते," अंकल म्हणाले. "मी निघालोच होतो."

झाडं संपली. गवत आलं, दगड आले. मांड्यांत लोखंड ओतल्यासारखं झालं. जेरार मोटार घेऊन पुढे माथ्यावर गेला, कारण त्याला वर अंकलसाठी सूप गरम करायचं होतं. मागे-पुढे कुणी नाही. गवतात एक गाय, तीसुद्धा यांच्याकडे बघत नव्हती.

"आणि मग," जेरार उठून उभा राहिला, "मी माथ्यावर उभा आहे, हातात चमचा, आणि वळणावरून हा माणूस येतो! पेडल मारत! उभा! मी रडलो." हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. "सिस्टर, त्याने करून दाखवलं! एकदाही पाय न टेकता!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. परबने ताट वाजवलं. सिस्टरनी हातातला डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि त्या पहिल्यांदा हसल्या. "बरं झालं बाबा," त्या म्हणाल्या. "गॅलरीतले कपडे काढते. सायकल उद्या खाली ने."

"टेकला," अंकल म्हणाले.

टाळ्या हवेत राहिल्या.

"अंकलानू, गप ऱ्हवा!" परब दबक्या आवाजात म्हणाला.

"टेकला, फिलू. एकदा."

आता इथे मला वसईची एक रीत सांगायला हवी, कारण तेव्हा ती परबला आणि मलाही सांगावी लागली. तिथे दुपारी बारा वाजता चर्चची घंटा होते, अँजेलसची. ती कानावर पडली, की माणूस असेल तिथे थांबतो. रहाट थांबतो, बैलगाडी थांबते. सायकलवाला पाय टेकून उतरतो, डोक्यावरची टोपी काढतो, तीन वेळा 'नमो मारिया' म्हणतो आणि मग पुढे जातो. अंकल चालायला शिकले तेव्हापासून ती घंटा ऐकत आले होते. बहरीनमध्ये बाराची घंटा कधी कानावर पडली नाही, आणि ती सवय अंगात कुठेतरी घडी घालून ठेवलेली राहिली.

"खालच्या गावात बारा वाजले," अंकल सांगत होते. "इतक्या खालून घंटा वर आली, स्वच्छ. आणि मला काही कळायच्या आत मी उतरलो होतो. टोपी हातात. डोळे मिटलेले. बघ, मी थकलो म्हणून नाही थांबलो. दम होता माझ्यात. पण टेकला तो टेकला."

जेरारला मी इंग्रजीत हळूच अर्थ सांगितला, तसा तो पुन्हा रडायला लागला. सगळ्यांचे डोळे सिस्टरकडे. त्या रोज रात्री जपमाळ म्हणणाऱ्या. प्रार्थनेसाठी थांबलेल्या नवऱ्याला शिक्षा करायची तरी कशी? माझ्या मनात आलं, सुटले अंकल! याहून चांगलं कारण साक्षात पोपनाही सुचलं नसतं.

सिस्टरनी विचारलं, "तिन्ही नमो मारिया म्हटल्यास?"

अंकलनी मान खाली घातली. "दोन."

"आणि तिसरी?"

"दुसरी झाली आणि मी डोळे उघडले. तर माझा पाय दिसला. जमिनीवर. मग तुझी अट आठवली. काय करावं कळेना. घाईघाईत टांग मारली आणि तिसरी पेडल मारता मारता म्हटली."

"म्हणजे घाटही अर्धा," सिस्टर म्हणाल्या, "आणि प्रार्थनाही अर्धी!"

त्या आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी पडत राहिलं. अंकल उठले, गॅलरीत गेले, सायकलवरचे युनिफॉर्म एक एक काढून त्यांनी नीट घड्या घातल्या. मग सायकल हाताने धरून बाहेरच्या खोलीत आणली आणि परबपुढे उभी केली. "बाळू, ने ही. शब्द दिला होता."

"माका नको," परब म्हणाला. त्याने दोन्ही हात मागे घेतले. "माका ह्या शिंगांचा भय वाटता."

"ने म्हणतो ना!"

"ठेव ती तिथे," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. सिस्टर तोंड धुऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, इथे गाडी चालवायला कोण शिकवतं? बायकांना?"

मला काही संबंध लागेना. म्हटलं, "ड्रायव्हिंग स्कूल आहे, सिस्टर. पण कशाला?"

"याच्यामागे कुणीतरी असायला हवं," त्या म्हणाल्या. "दर वेळी कलिंगडवाला भेटेल असं नाही." आणि कालवणाचं पातेलं उचलून विचारलं, "आणखी कुणाला वाढू?"

अंकल सायकलचं हँडल धरून तसेच उभे होते. त्यांना बसायचंही सुचत नव्हतं.

वयाच्या त्या टप्प्यावर बहरीनचं लायसन्स काढणं म्हणजे सुद्धा कोल्हेघाटच. सिस्टर पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्यातही झाल्या. चुकत काहीच नव्हतं, फक्त वेग. तिसऱ्या वेळी इन्स्पेक्टरने कपाळावर हात मारून हिंदीत विचारलं, "सिस्टर, इतना धीरे चला के आप जाएगा किधर?" सिस्टरनी समोरची नजर न हलवता सांगितलं, "हजबंड के पीछे." त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने पास केलं. मग त्यांनी एक जुनी पांढरी डॅटसन घेतली. मागच्या सीटवर पाण्याचा थर्मास, ग्लुकोज, ब्लडप्रेशरचं यंत्र, आणि हॉस्पिटलातून कायमचा उसना आणलेला एक घडीचा स्ट्रेचर.

ती दोघं नोकरी संपवून वसईला परतली त्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी परब आणि मी पाहुणे आणायला विमानतळाकडे निघालो होतो. मुहर्रकच्या पुलावर गाड्यांची रांग लागलेली. परबने मान बाहेर काढली आणि म्हणाला, "अपघात न्हय. लग्नाची वरात दिसता."

रांग सरकत सरकत पुढे गेली तसं दिसलं. पुलाच्या उजव्या कडेने अंकल, समोरून येणाऱ्या वाऱ्यात वाकलेले, शर्टाची पाठ फुग्यासारखी भरलेली. त्यांच्या मागे चालत्या माणसाच्या वेगाने पांढरी डॅटसन, चारही दिवे लुकलुकत. तिच्यामागे मुहर्रकला निघालेलं अर्धं शहर.

पुलाच्या मध्यावर डॅटसनचा हॉर्न वाजला, एकदाच, आखूड. अंकल थांबले. सिस्टर गाडीतून उतरल्या, भर रस्त्यात. त्यांनी अंकलचं मनगट धरलं, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, आणि ओठ हलवत नाडी मोजू लागल्या. अंकल शाळेतल्या मुलासारखे समोर बघत उभे. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. एक पोलीस मोटारसायकल बाजूला लावून तावातावाने चालत आला, तोंड उघडलं. सिस्टरनी त्याच्याकडे न बघता एक बोट वर केलं: थांब. पोलिसाने तोंड मिटलं. त्या दोघांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे वळून त्याने हात आडवा केला आणि सगळा पूल थांबवून धरला.

सिस्टरचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी अंकलचं मनगट खाली सोडलं, त्यांच्या कॉलरची मुडपलेली कड सरळ केली आणि पाठीवर थाप मारली.

"यल्ला," त्या म्हणाल्या.